म्हणण्याचा दोरा

आमच्या शाळेतले कवायतीचे मास्तर दुपारी डबा उघडण्याआधी आज आपण किती भाकरी खाणार ते मोठ्यानं जाहीर करत. "आज चार," असं म्हणून फडकं सोडत आणि दुसऱ्या भाकरीच्या अर्ध्यावर येऊन हात धूत. डब्यात मुळात भाकरी असायच्याच दोन. आम्ही हसायला लागलो की ते जराही ओशाळत नसत. "म्हणणं चाराचं होतं," ते सांगत, "आणि म्हणताना भूकही चाराचीच होती. मी काय खोटं बोललो?"

पहिल्या आठवड्यात मला वाटलं, हा माणूस थोडा सरकलेला आहे. मी पडले नेमकेपणाची बाई. घड्याळ पाच मिनिटं पुढे लावून ठेवणाऱ्यांचासुद्धा मला राग येतो. ह्यांची नोकरी सुरतेच्या तार ऑफिसात, म्हणून लग्नानंतर मी तिकडे गेले आणि सत्तर सालच्या आगेमागे मराठी माध्यमाच्या एका लहानशा शाळेत बालवर्गाला शिकवू लागले. शाळा म्हणजे भाड्याचं दुमजली घर, मागे अंगण, अंगणात एक देशी बदामाचं झाड. निम्मी मुलं आमच्यासारख्या नोकरदारांची आणि निम्मी खानदेशातून कापडाच्या लूमवर कामाला आलेल्या लोकांची. शाळेत मराठी, गल्लीत गुजराती आणि भांडताना दोन्ही, असा त्यांचा कारभार होता.

मास्तर धुळ्याकडचे. पन्नाशी ओलांडलेले, उंच, वाळके, गुडघ्यापर्यंत खाकी चड्डी, वर पांढरा सदरा, डोक्यावर पांढरी टोपी. कॅनव्हासच्या बुटांना दर सोमवारी खडूची पूड चोळत, त्यामुळे सोमवारी ते जिथे जिथे जात तिथे तिथे पांढरी पावलं उमटत आणि मंगळवारी झाडूवाली मावशी त्यांच्या नावानं बोटं मोडे. कुणी त्यांना 'सर' म्हटलं की ते ऐकू न आल्यासारखं करत. 'मास्तर' म्हटलं की वळत.

सदऱ्याच्या खिशात कायम दोन रिळं असायची, एक लाल, एक पांढरं. मास्तरांचे दोघे भाऊ लिंबायतच्या बाजूला लूमवर होते, त्यांच्याकडून तुटक्या धाग्यांचे पुंजकेच्या पुंजके यायचे. मास्तर सुट्टीच्या दिवशी बसून ते गाठी मारून रिळाला गुंडाळत. हा उद्योग कशासाठी, ते मला त्यांच्या पहिल्याच तासाला कळलं.

अंगणाच्या कडेला त्यांनी एक लांबट खड्डा खणून तो तापीच्या वाळूनं भरला होता. बालवर्गातलं एकेक मूल खड्ड्याच्या तोंडाशी उभं करायचं आणि उडी मारायच्या आधी विचारायचं, "कितली दूर उडशी, माय?" मुलगा असला तर "भाऊ". मूल बोट दाखवील तिथे मास्तर वाकून वाळूवर आडवा लाल दोरा ताणत आणि दोन्ही टोकांना तारेचे आकडे खुपसत. हा म्हणण्याचा दोरा. मग मूल उडी मारी. टाच जिथे टेकेल तिथे पांढरा दोरा. तो होण्याचा दोरा.

पाच वर्षांच्या मुलांचा लाल दोरा कुठे लागतो हे ज्यानं पाहिलं नाही त्यानं आयुष्यात काहीतरी गमावलं आहे, असं माझं आता मत आहे. तेव्हा नव्हतं. एक मुलगा म्हणे, "मास्तर, मी छेक झाडापर्यंत!" बदामाचं झाड खड्ड्याच्या पलीकडे दहा हातांवर. मास्तर निमूटपणे जाऊन झाडाच्या बुंध्याला लाल दोरा बांधून येत. मुलगा दात ओठ खाऊन उडी मारी आणि वाळूत बदकन पडे, खड्ड्याच्या पहिल्या कोपऱ्यात. उठून झाडाकडे बघे, पांढऱ्या दोऱ्याकडे बघे, आणि कारण सांगे.

ही कारणं मास्तर एका वहीत उतरवून घेत. अतिशय गंभीरपणे, तारीख घालून. 'वारा समोरून होता.' 'चप्पल जड होती', हे अनवाणी मुलानं सांगितलेलं. 'बकरी बघत होती.' 'मी गेलो होतो पण परत आलो.' हे शेवटचं मास्तरांना इतकं आवडलं होतं की कुणाच्या घरी पोचायला उशीर झाला की ते तेच सांगत.

मोजमापाची त्यांची तऱ्हाही निराळीच. जून महिन्यात शाळा सुरू झाली की ते प्रत्येक मुलाला साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर उभं करून पेन्सिलीनं त्याचं पाऊल आखत, कातरीनं कापत, मागे नाव लिहीत आणि भिंतीवर ओळीनं खिळ्यांना टांगून ठेवत. सुरतेत साडीच्या खोक्यांना काय तोटा! उडी मोजायची ती ज्याची त्यानं आपल्याच पुठ्ठ्याच्या पावलानं. "तुझी उडी तुझी सहा पावलं." शेजारच्याची त्याची पाच. कुणाचं पाऊल केवढं, त्यामुळे कुणाची उडी कुणापेक्षा मोठी हे कळायला मार्गच नव्हता. मी एकदा म्हटलं, "मास्तर, अशानं तुलना कशी करणार?" त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "कशाला करायची?"

शाळेची तपासणी करायला एक साहेब आले होते. चांगलं वजनदार शरीर, गळ्यात टाय. अंगणात येऊन त्यांनी कौतुकानं विचारलं, "हे काय चाललंय?" मास्तरांनी समजावून सांगितलं आणि अगदी सहज म्हणाले, "साहेब, तुमचा दोरा कुठं लावू?" मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, पदरात तोंड लपवून आत गेल्या. साहेब हसले, खड्ड्याच्या मधोमध बोट दाखवलं. मास्तरांनी दोरा लावला आणि बाजूला होऊन वाट बघत उभे राहिले. साहेबही उभे. थोड्या वेळानं साहेब घड्याळ बघून ऑफिसात चहाला गेले. तो लाल दोरा मास्तरांनी संध्याकाळपर्यंत काढला नाही. "साहेबांचं म्हणणं झालंय," ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "होणं बाकी आहे."

चौथीच्या मुलांना मात्र ते कधीच विचारत नसत. का, म्हणून मी एकदा विचारलं तर खिन्नपणे म्हणाले, "ती बरोबर सांगतात." सातव्या-आठव्या वर्षाच्या सुमाराला मुलांचे दोन्ही दोरे जवळ जवळ येऊ लागतात आणि एक दिवस एकावर एक बसतात. ज्या दिवशी एखाद्या मुलाचं तसं होई त्या दिवशी मास्तर त्याची पाठ थोपटत, नानखटाई देत, आणि दुपारी किती भाकरी खाणार ते जाहीर करत नसत.

आता जे सांगायचं आहे ते मला अजूनही सुखानं सांगता येत नाही.

माझी मुलगी नीलू त्या वर्षी माझ्याच वर्गात होती. साडेपाच वर्षांची, तुडतुडी. तिच्या तोंडी दिवसभर एकच पालुपद असायचं, "मला येतं." सुई ओवायला येतं, कणीक मळायला येतं, बाबांची सायकल चालवायला येतं. आमच्या घराच्या लाकडी जिन्याच्या शेवटच्या दोन पायऱ्या ती कधी उतरली नाही, त्यावरून उडीच मारायची. शाळेतल्या खड्ड्यात तिचा लाल दोरा दर वेळी पार शेवटच्या टोकाला.

जानेवारीत पतंगांचा सण आला. सुरतेत त्या दिवशी रस्त्यावर माणूस दिसत नाही, सगळं गाव घरांच्या धाब्यांवर. आमच्या शेजारच्या घरातला सहा वर्षांचा मुलगा कटलेल्या पतंगामागे धावला आणि आमच्या धाब्याच्या कठड्यावर उडी मारायला गेला. मध्ये हातभर बोळ. तो बोळात पडला. खाली कापडाच्या गाठी उतरवून ठेवलेल्या होत्या म्हणून हातावर निभावलं. हाड बसवताना तो रडत रडत आपल्या आईला सांगत होता, "मने एम के पहोंची जईश." मला वाटलं पोचेन. मी तिथे उभी होते. त्याचा तो लोंबता हात बघून माझ्या डोळ्यांपुढे नीलूचा लाल दोरा आला.

त्या रात्री माझा डोळा लागला नाही, आणि सकाळपर्यंत माझा निश्चय झाला होता. मुलांना खरं काय ते सांगायलाच हवं.

मास्तर दोन दिवस भाचीच्या बारशाला गावी गेले होते. त्यांचा तास माझ्याकडे होता. आमच्या घराखाली कापडाचं दुकान होतं, त्या काकांकडे मी कापड मोजायचा लोखंडी गज मागितला. नावाला गज, माप मीटरचं. "लई जाओ बेन, सांजे पाछो आपी जजो," ते म्हणाले. संध्याकाळी परत द्यायच्या बोलीवर मी तो घेऊन शाळेत गेले, अंगणात फळा आणून ठेवला आणि चार रकाने आखले. नाव. म्हणणं. होणं. फरक.

एकेकाला उभं केलं, दोरे लावले आणि गजानं मोजून फळ्यावर आकडे लिहिले. "बघ, तू इथे म्हणालास. गेलास इथपर्यंत. म्हणून उंचावरून उड्या मारायच्या नसतात." मुलांना काही वाटलं नाही. एकानं तर आपला फरक सगळ्यांत मोठा येईल म्हणून मुद्दाम झाड सांगितलं.

नीलूची पाळी आली. तिनं नेहमीसारखं खड्ड्याचं टोक दाखवलं. साडेतीन मीटर. उडी पडली ऐंशी सेंटिमीटर. बाईंची मुलगी म्हणून मुलं जरा जास्तच हसली. आणि बाईंची मुलगी म्हणूनच मी तिला इतरांपेक्षा जास्त मोठ्यानं बोलले. आपल्या मुलीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको, हे माझं नेमकेपण! "नीलू, तू जेवढं म्हणालीस त्याच्या पावभागही गेली नाहीस. नुसत्या बढाया. कळलं?" आणि आकडा फळ्यावर लिहून त्याखाली रेघ ओढली. फळा दिवसभर अंगणात होता.

नीलू रडली नाही. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं. ती फळ्याकडे बघत राहिली. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण रेघ तिच्याच नावापुढे आहे हे कळत होतं.

दुसऱ्या दिवशी घराचा जिना उतरताना तिनं शेवटच्या दोन पायऱ्यांवर माझा हात मागितला. मला आधी बरंच वाटलं. चला, अक्कल आली. मग ती चेंडू झेलेनाशी झाली. मग फ्रॉकची बटणं. ती तिला वर्षभर लावता येत होती, पण बोटं बटणावर ठेवून ती म्हणाली, "मला नाही येत." हे वाक्य आमच्या घरात नवीन होतं. आठ दिवसांत ते इतकं रुळलं की ह्यांनी एकदा जेवताना विचारलं, "पोरीला कुणी काही बोललं का शाळेत?" मी वरणाचं भांडं आणायला म्हणून उठले.

मास्तर दोन दिवसांनी परत आले तेव्हा फळा पुसलेला होता, पण मुलांनी त्यांना सगळं सांगितलं. त्यांच्या तासाला नीलू खड्ड्याशी उभी राहिली. "कितली दूर उडशी, माय?" तिनं आपल्या अंगठ्यांकडे बोट दाखवलं. "इथंच." मास्तर वाकले आणि तिच्या पायाच्या बोटांना लागून लाल दोरा लावला. जितक्या गंभीरपणे बुंध्याला बांधत तितक्याच गंभीरपणे. "आता उडी?" ती म्हणाली, "मला नाही येत," आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

मधल्या सुट्टीत मी मास्तरांना गाठलं. मनातून खचले होते म्हणूनच बहुधा भांडायच्या सुरात बोलले. शेजारच्या मुलाचा हात, बोळ, सगळं सांगितलं. "पोचेन असं वाटणं म्हणजे काय असतं ते मी डोळ्यांनी बघितलंय, मास्तर. तुम्ही ते वाटणं वाढवता."

मास्तरांना मी रागावलेलं त्या एकदाच पाहिलं. आवाज चढला नाही, फक्त टोपी काढून हातात घेतली. "बाई, मी कुण्या पोराला धाब्यावर नेलं का? ही तापीची वाळू मी डोक्यावर वाहून आणलीये. कशाला? पडायला. पोराचं म्हणणं कापायचं नसतं, त्याच्या खाली वाळू टाकायची असते. झाडापर्यंत जाईन म्हणणारं पोर दिवसातून वीस उड्या मारतं. आपण कुठवर जाणार हे ज्याला ठाऊक, तो एकच मारतो आणि घरी जातो. ज्याला वाटतं आपण जाणारच नाही..." त्यांनी टोपी घातली आणि म्हणाले, "तुमचं मोजणं बरोबर होतं. ऐंशी म्हणजे ऐंशीच. पण ते कापडाचं माप होतं हो."

मला रडू आलं. शाळेच्या अंगणात, मुलांदेखत. मी विचारलं, "आता काय करू?" ते म्हणाले, "तुम्ही काही करू नका. तुम्ही लई करता."

त्यानंतर रोज तोच प्रकार. रोज ते विचारत, रोज ती अंगठ्यांशी बोट दाखवी, रोज दोरा लागे. ना समजूत, ना लाडीगोडी. 'तुला येईल गं' असं तर ते एकदाही म्हणाले नाहीत. मी खिडकीतून बघत असे आणि मनात म्हणत असे, अहो, काहीतरी बोला तिच्याशी!

दहाव्या-बाराव्या दिवशी त्यांनी बूट काढले. लाल रीळ नीलूच्या हातात दिलं आणि म्हणाले, "आज माझा दोरा तू लाव. मी कितला दूर जासू?"

नीलूनं मास्तरांकडे बघितलं. त्यांची उंची, त्यांचे लांब पाय. रीळ घेऊन ती खड्ड्याच्या कडेनं चालत गेली, टोकापर्यंत गेली, खड्डा ओलांडला आणि बदामाच्या बुंध्यापाशी दोरा धरला. स्वतःवरचा तिचा विश्वास उडाला होता, मास्तरांवरचा शाबूत होता.

"बांध," मास्तर म्हणाले. मग टोपी माझ्या वर्गाच्या खिडकीत ठेवली, मागे गेले आणि तो वाळका माणूस धावत आला. एके काळी चांगला उडत असावा. पण पन्नाशी उलटलेल्या गुडघ्यांनी जेवढं व्हायचं तेवढंच झालं. खड्ड्याच्या अर्ध्यावर ते आपटले, तोल जाऊन पुढे तोंडावर पडले. वर्गावर्गांतून मुलं खिदळली. मोठ्या बाई गॅलरीत येऊन कपाळाला हात लावून उभ्या राहिल्या. मास्तर उठले, मिशीतली वाळू झटकली, पांढरा दोरा नीलूकडून लावून घेतला आणि दोन दोऱ्यांमधली जागा आनंदानं बघितली.

"बकरी बघत होती का, मास्तर?" एकानं विचारलं.

"नाही रे. मी गेलो होतो, पण परत आलो."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "माझा दोरा?" मला वाटलं आता ती जवळ लावील. ती झाडाशीच गेली. तिसऱ्या दिवशी झाडाशीच. मास्तर रोज उडी मारत, रोज पडत, रोज उठत. नीलू रोज त्यांचा चेहरा निरखून बघायची, अगदी जवळ जाऊन. पाचव्या दिवशी तिनं विचारलेलं मी ऐकलं. "मास्तर, तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"कसाचं, माय?"

"एवढं राहिलं त्याचं."

मास्तरांनी दोन दोऱ्यांमधल्या वाळूवरून तळहात फिरवला. "हे राहिलंय म्हणून तर उद्या शाळेत यावंसं वाटतं," ते म्हणाले.

आठव्या दिवशी ते शाळेत आले नाहीत. गुडघा सुजून टम्म झाला होता.

रविवारी मी नीलूला घेऊन त्यांच्या घरी गेले. नदीच्या बाजूला दोन खोल्या. दार उघडलं ते त्यांच्या बायकोनं, ठेंगणी, ठसठशीत कुंकू, डोक्यावरून पदर. मला बघताच म्हणाल्या, "तुमनी पोरपायी आमना म्हातारा लंगडा व्हई गया, बाई!" मी जागच्या जागी मेल्यासारखी झाले. तोवर त्यांनी नीलूला आत ओढून तिच्या हातावर गुळाचा खडाही ठेवला होता. मास्तर खाटेवर पाय पसरून बसले होते, गुडघ्याला हळदीचा लेप. मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं हे." ते म्हणाले, "छे! उडीमुळे."

चहा झाल्यावर ते म्हणाले, "चला, नदीवर पोंक खाऊ." थंडी सरत आली होती, पण काठावर पोंकवाल्यांची पालं अजून होती. कोवळी ज्वारी भाजून झोडलेली, वर लिंबू-मिऱ्याची शेव. बायको नको नको म्हणत असताना मास्तर काठी घेऊन निघालेच. एका हातात काठी, दुसऱ्या हातात नीलूचं बोट.

ओहोटीची वेळ होती. तापीचं पाणी आत ओढलं गेलेलं, काठाला ओली वाळू उघडी पडलेली. पलीकडच्या काठाला तेव्हा नुसती शेतं, माणसं मुंगीएवढी दिसत. आम्ही तिघं वाळूवर बसून द्रोणातला पोंक खात होतो. नीलू खाता खाता थांबली आणि बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली. मग उठून फ्रॉक झटकला आणि पाण्यापासून चांगली दहा पावलं मागे, कोरड्या वाळूत उभी राहिली.

मास्तरांनी तोंडातला घास तसाच ठेवला. बसल्या जागेवरून, अगदी रोजच्या आवाजात विचारलं, "कितली दूर उडशी, माय?"

तिनं हात उचलला आणि पलीकडचा काठ दाखवला.

पंधरा-वीस दिवसांत तिनं स्वतःच्या अंगठ्यांपलीकडे बोट दाखवलं नव्हतं. आणि तरीही, सांगायला लाज वाटते, माझ्या ओठांवर पहिलं आलं ते 'अगं वेडे, एवढी मोठी नदी' हेच. ते मी गिळलं. कसंबसं गिळलं. मग मला जे सुचलं ते मी विचारलं, "नीलू, मी कुठे उभी राहू? ह्या काठाला की त्या?"

तिनं जरा विचार केला. "त्या काठाला," ती म्हणाली. "मला पकडायला."

मास्तर माझ्याकडे वळले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्यांनी काही खटपट केली नाही. "ऐकलं ना बाई?" ते म्हणाले. "मग बसलात काय? जा! पोरगी खोळंबलीये." आणि त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

मी द्रोण खाली ठेवला, पदर खोचला आणि पुलाकडे निघाले. जुना लोखंडी पूल, रविवारची गर्दी, सायकली, टांगे, गवताच्या गाड्या. मी जवळजवळ धावत होते. कुणी ओळखीचं भेटलं असतं आणि विचारलं असतं, बाई, एवढ्या घाईनं कुठे, तर मी काय सांगणार होते? पूल उतरून शेताच्या बांधावरून खाली काठाशी गेले. साडीला चिखल लागला, चप्पल रुतली ती तिथेच राहू दिली, आणि पाण्याच्या कडेला उभी राहिले.

समोर वाळूवर दोन ठिपके होते, एक उंच पांढरा आणि एक छोटासा. मी दोन्ही हात पसरले, जेवढे पसरता येतील तेवढे. माझ्या बाजूला एक म्हातारा म्हशी धूत होता, तो हातातलं काम सोडून बघायला लागला. पांढऱ्या ठिपक्यानं हात वर केला. छोटा ठिपका मागे सरला, धावत आला आणि उडाला.

किती लांब गेला, ते इतक्या दुरून मला दिसलं नाही.